खोक्याचं झाकण

"ताई, तू कोंडतेस माझ्या पोरीला?"

भावाचा आवाज असा चढला, की आत्याच्या हातातली सुई बोटातच रुतली... चार वर्षांची चिमी चिंध्यांच्या बाहुलीला बुटांच्या खोक्यात घालून झाकण दाबून बसली होती आणि दटावत होती, "रडायचं नाही! दहापर्यंत मोज, मग उघडीन!"

भाऊ-भावजय कामावर असताना चिमी आत्याकडेच असायची. आत्याने भावजयीकडे पाहिलं. ती दवाखान्यात परिचारिका. इंजेक्शनच्या सुईला भिणाऱ्या मुलांना रोज 'रडायचं नाही, दहापर्यंत मोज' हेच सांगायची. महिन्यापूर्वी लागोपाठ दोन पाळ्या करून आलेल्या तिने रडणाऱ्या चिमीला अडगळीच्या खोलीत घालून कडी लावली, तेवढ्यात फोन आला आणि ती विसरूनच गेली! अर्ध्या तासाने आत्याने दार उघडलं, तेव्हा पोर अंधारात पुन्हापुन्हा दहापर्यंतच मोजत होती... पुढचे आकडे तिला येतच नव्हते!

"ताई, यांना सांगू नका," म्हणत भावजयीने पाय धरले होते. खोकं मात्र आत्यानेच दिलं होतं. खेळात का होईना, झाकण चिमीच्या हातात होतं. रोज उघडता उघडता तिचं झोपेतलं किंचाळणं थांबलं होतं.

आता भावजय मान खाली घालून उभी होती. खरं सांगावं, तर आईमागे पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या या भावाचा संसार मोडणार!

"हो रे... चुकलंच माझं."

"मग आजच नीघ."

पिशवी भरताना आत्याची नजर पुन्हापुन्हा अडगळीच्या दाराकडे जात होती. पुन्हा कडी लागली, तर काढायला कोण असेल? तिने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं, तोच चिमीने घाईघाईने झाकण उघडून बाहुलीला पोटाशी धरलं.

"घाबरलीस? चालतं हं घाबरलं तर. आत्या आली ना!" मग वर बघत तिने विचारलं, "आई, तुझा फोन झाला?"

भावजय चिमीसमोर येऊन बसली. "मी कोंडलं होतं हो तिला! मीच... ताईंनी माझ्यासाठी..."

बहिणीच्या हातातली पिशवी घेताना भावाला हुंदका फुटला, "ताई, मला मार गं!"

भावजयीने डोळे न पुसताच पेचकस आणला आणि अडगळीच्या दाराची कडी उखडायला घेतली. आत्याने चिमीला मांडीवर ओढलं. अजून आत्याची नजर त्या कडीवरून हलत नव्हती.

"आत्या, दहाच्या पुढे काय असतं गं?"

"अकरा, बाळा," आत्या म्हणाली. शेवटचा स्क्रू जमिनीवर पडला, तेव्हा कुठे तिने डोळे मिटले.