फ्रीजरमधली जागा

फ्रीज बंद पडला तो नेमका रविवारी, आणि तोही भर दुपारी.

आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायचे आणि रविवारी आठवड्याचं आईस्क्रीम करून ठेवायचं, हा तिचा उन्हाळ्यातला नेम. संध्याकाळी दमून घरी आल्यावर जिन्याच्या कठड्याचासुद्धा हाताला चटका बसायचा. तेव्हा कोण ढवळत बसणार? आधीच करून गोठवलेलं काढायचं आणि खायचं. आज तो सगळा साठा तिच्या डोळ्यांदेखत पातळ होत होता.

"वर जा," आई म्हणाली. "नवे भाडेकरू आलेत. त्यांचा फ्रीज चढवताना मी बघितलाय."

दोन्ही हातांत डबे घेऊन तिनं कोपरानं बेल दाबली. दार उघडलं. समोर एक तरुण – केस ओले, हातात चमचा.

"तुमच्या फ्रीजरमध्ये जागा आहे?"

"नमस्कार... आपण?"

"ओळख मागाहून करू. वितळतंय हो!"

तो हसून बाजूला झाला. ती तरातरा आत गेली. फ्रीजर रिकामाच होता. डबे आत सरकवून तिनं मागे पाहिलं, तर दारापासून गुलाबी थेंबांची रांग लागलेली आणि हा फडकं घेऊन वाकलेला.

"माग काढत थेट तुमच्या घरी पोचेन मी," तो म्हणाला.

"या की. स्ट्रॉबेरीचा माग आहे. मुंग्यांच्या आधी पोचा म्हणजे झालं."

"कोण आलंय रे?" आतून एक बारीक, खरखरीत आवाज आला.

आत त्याचे बाबा पडून होते. निवृत्त शाळामास्तर. घशाच्या उपचारांनी तोंडभर फोड आलेले. काही गिळवत नव्हतं. बशीतला मऊ भात तसाच होता आणि त्या चमच्याचा अर्थ तिला आत्ता कळला. तिनं न विचारता एका वाटीत अर्धवट विरघळलेलं आईस्क्रीम काढलं आणि मास्तरांपुढे धरलं. पहिला घास तोंडात घेऊन मास्तर बराच वेळ डोळे मिटून राहिले.

"आणखी आहे?" त्यांनी विचारलं.

त्यांचा मुलगा एकदम खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

फ्रीज दुरुस्त झाला, पण डबे काही खाली आले नाहीत. उलट रविवारचा घाट वाढला. स्ट्रॉबेरीच्या बारीक बिया मास्तरांच्या तोंडाला टोचायच्या, लिंबाचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती. म्हणून ती पिकलेली केळी कापून आदल्या रात्री गोठवायची, सकाळी घोटून लोण्यासारखी करायची. साय फेटून, अर्धी गोठली की पुन्हा काढून ढवळायची, बर्फाचा खडा म्हणून राहू द्यायची नाही. छोट्या छोट्या कपांत भरून वर कागद दाबायची. मास्तर केव्हाही मागोत, कप तयार असायचा.

तो रस्त्यांची मापं घ्यायच्या कामावर होता. दिवसभर उन्हात भाजून संध्याकाळी यायचा आणि रिकामे कप धुऊन खाली आणून द्यायचा.

"चष्मेवाली, तुमचे कप."

"एक कमी आहे."

"तो उद्या आणतो. सगळे आजच दिले तर उद्या यायला निमित्त काय?"

ती कप मोजल्यासारखं करत खाली बघत राहायची. कान गरम व्हायचे... एवढ्या उकाड्यात तेवढंच कमी होतं!

मास्तरांना थोडी ताकद आली तशी त्यांची जीभही सैल सुटली. "हा आमचा थंडोबा," ते तिला सांगायचे. "वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही. पोरी, याच्याकडून काही वदवून घ्यायचं तर वाट बघावी लागते."

"बाबा, गप्प बसा. तोंड दुखेल."

"दुखू दे. माझं तोंड आहे."

एका संध्याकाळी मात्र थंडोबानं हात वर केला. ती वरून निघाली होती, तो जिन्यापर्यंत आला.

"एक विचारू? तुम्ही हे सगळं... रविवार घालवता, रोज वर येता... बाबांसाठीच ना? की—"

खालच्या दारात आई उभी होती. शेजारच्या बाई पिशवी घेऊन जिना चढत होत्या.

"बाबांसाठीच," ती चटकन म्हणाली. "आणखी कुणासाठी?"

"हो," तो म्हणाला. "आणखी कुणासाठी."

दुसऱ्या दिवशी तो कप घेऊन आला तेव्हा सगळेच्या सगळे आणले.

उन्हाळा सरत आला. मास्तर भात खाऊ लागले आणि त्याची दुसऱ्या गावी बदली झाली. शनिवारी सामान जाणार होतं. अर्धा दिवस काम करून घरी यायचं आणि सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं. पण दुकान बंद व्हायच्या वेळी एक म्हातारी आली. भिंग बदल, पुन्हा बदल. "आता दिसतंय, आजी?" "थांब गं, घाई करू नकोस." ती धावत घरी पोचली तेव्हा वरचं दार सताड उघडं होतं आणि खोल्या झाडून ठेवलेल्या होत्या. आपले डबे तिला आईजवळ मिळाले, घासून पुसून ठेवलेले.

मग फोनवर थोडं चाललं. बाबा कसे आहेत? छान. तुम्ही? मजेत. पुढं लिहिलेलं ती पुसून टाकायची. हळूहळू तेवढंही थांबलं.

पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते दोघं दारात उभे राहिले. मास्तर चांगले भरले होते, आवाज खणखणीत झाला होता. हातात त्याच्या लग्नाची पत्रिका.

मास्तर आईशी बोलत बसले. ती कप काढायला आत गेली, तर तो मागोमाग आला.

"अजून करता?"

"उन्हाळा काय सोडतोय?" तिनं फ्रीजर उघडला. थंड वाफ तोंडावर आली, तेवढ्यात तिला धीर आला. "त्या दिवशी जिन्यात मी खोटं बोलले होते."

बाहेर मास्तर मोठ्यानं हसले.

"मला वाटलं होतं, तुम्ही पुन्हा विचाराल," ती म्हणाली.

"रोज मनात यायचं." त्याचा आवाज खाली गेला. "पण विचारलं आणि तुम्हाला अवघडल्यासारखं झालं, तुम्ही वर यायच्या बंद झालात, तर? बाबा तेवढंच खात होते..."

कपावरचा कागद तिच्या बोटाला चिकटून बसला होता. तो सुटेना.

"ती खाली गाडीत आहे," तो म्हणाला. "वर चल म्हटलं, तर लाजली."

"मग एवढ्या उन्हात बसवून ठेवलंत होय?"

ती स्वतःच कप घेऊन खाली गेली. गाडीत गोल चेहऱ्याची एक मुलगी रुमालानं वारा घेत होती. पहिल्याच चमच्याला तिचे डोळे मोठे झाले. "अगंबाई! हे घरी केलंय? ताई, तुम्हीच ना त्या? बाबा सारखं तुमचं नाव काढतात. मला शिकवाल?"

तिचा राग यावा असं तिच्यात काही नव्हतं. तेच फार जड गेलं.

गाडीच्या खिडकीशी वाकून तिनं सगळं सांगितलं. केळी किती पिकलेली हवीत, साय फेटणं केव्हा थांबवायचं, मधे काढून ढवळायला का विसरायचं नाही. हातचं काही राखलं नाही. मुलगी एकेक गोष्ट ओठांत पुटपुटत पाठ करत होती.

"आणि त्यांना गोड कमी लागतं," ती शेवटी म्हणाली. "साखर बेतानं घाल."

"बाबांना?"

"नाही," ती म्हणाली. "बाबांना नाही."

मुलीनं मान डोलावली आणि कपातलं शेवटचं खरवडून खाल्लं. जिन्यावरून दोघांच्या उतरण्याचा आवाज येत होता. तिनं हात पुढे करून रिकामा कप मागून घेतला.