मुंगीच्या तोंडातला घास

"थुंक! आधी थुंक म्हणते ना!"

चार वर्षांच्या मुंगीचा जबडा आईने एका हाताने दाबून धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने टाळूला चिकटलेला बिस्किटाचा लगदा खरवडून काढला. पोर गुदमरली, खोकली आणि मग तिने असा टाहो फोडला, की समोरच्या दारातून बिस्किट देणारी शेजारीणही डोकावली.

"सावत्र आईसुद्धा लेकराच्या तोंडातला घास काढत नाही गं!" सासूबाई कडाडल्या. "जल्लाद आहेस, जल्लाद!"

तिने बरबटलेलं बोट पदराला पुसलं. साखरेच्या डब्याभोवती सदा घुटमळणाऱ्या नातीला 'मुंगी' हे नाव आजीनेच तर लाडाने ठेवलं होतं! आणि त्याच मुंगीला झटके येऊ लागले, डोळे फिरवून ती लाकडासारखी ताठ होऊ लागली, सगळी औषधं थकली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शेवटचा उपाय सांगितला होता.

"मेंदूला साखरेवर चालायची सवय असते. हिच्या मेंदूला आपण चरबीतून तयार होणाऱ्या इंधनावर चालवू. लोणी, साय, तेल, अंडं... सगळं तोलून. पुष्कळ मुलांचा मेंदू त्यावर शांत होतो. पण भाकरी, फळं यांचीही पोटात साखरच होते; चिमूटभर साखर गेली, तरी सगळं विस्कटू शकतं."

आणि खरंच, झटके थांबले होते! पण भाकरीच्या तुकड्यासाठी, साध्या केळ्यासाठी रडणाऱ्या मुलीला 'नाही' म्हणायचं काम मात्र एकट्या तिच्याच वाट्याला आलं. नवरा ट्रक घेऊन महिनोन्‌महिने बाहेर, फोनवर म्हणायचा, "तुला योग्य वाटेल ते कर." मुंगीसमोर बसून तीही तेच बेचव लोणी आणि अंडं गिळायची; लेकीला जे मिळत नाही, ते तिच्या घशाखाली उतरतच नव्हतं. अंग खंगलं, गाल बसले... पण घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

ती बेकरीत केक सजवायची. मालक म्हणायचा, "तुझ्या क्रीमच्या गुलाबावर एक दिवस भुंगा येऊन बसेल बघ!" त्या कामात तिचा जीव रमायचा. परक्या मुलांच्या वाढदिवसांची नावं ती साखरेने लिहायची आणि घरी येऊन, कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय लेकीला जवळ घ्यायची नाही.

आणि तरीही एक दिवस झटके परत आले.

"कुठून तरी साखर जातेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरात नीट बघा."

तिने स्वतःकडेच बघितलं! आपल्या नखांत, केसांत, पदरात तर राहत नसेल ना साखर? आपणच तर विष घेऊन घरी येत नाही ना? ज्या हातांचा तिला अभिमान होता, त्याच हातांची तिला शिसारी आली. दुसऱ्याच दिवशी तिने बेकरी सोडली.

झटके मात्र थांबले नाहीत...

त्या दुपारी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खालून सासूबाईंची किंकाळी आली. ती धावत उतरली, तर आजीच्या मांडीवर मुंगी ताठ झालेली, ओठ निळे, आणि ओठांच्या कडेला... पांढरे चकचकीत साखरेचे दाणे!

तिने पाहिलं. सासूबाईंनी तिला पाहताना पाहिलं. पण बोलायला वेळच कुठे होता? लेकीला उचलून ती रस्त्यावर धावली.

दवाखान्यात झटका थांबता थांबेना. बाकावर दोघी बसल्या होत्या. अखेर म्हातारीच्या तोंडून शब्द फुटले.

"रोज देत होते गं मी... चिमूटभर. वाटायचं, उपाशी मारतेय ही पोरीला. चिमटीभर साखरेनं काय होतंय!" "तू नोकरी सोडलीस तेव्हाही मी गप्प बसले... मार मला, पण बोल काहीतरी!"

तिला ओरडायचं होतं. पण आत काही उरलंच नव्हतं; राग करायलासुद्धा अंगात जोर लागतो! ती फक्त म्हणाली, "आई, तुमचाही जीवच ना हो तिच्यावर..."

सासूबाईंनी तिचा हात धरला आणि दचकल्या. मनगटाची हाडं बोटांना लागत होती. "अगं, तू काय खातेस?"

"ती खाते तेच."

म्हातारीने तोंडात पदर कोंबला.

संध्याकाळी मुंगीने डोळे उघडले. जीभ जड झाली होती, उजवा हात उचलता येत नव्हता. तो परत येईल की नाही, डॉक्टरीणबाई सांगू शकत नव्हत्या. आईने चमच्यातून लोणी पुढे केलं, तशी तिने तोंड फिरवलं आणि मोठ्या आशेने आजीकडे पाहिलं.

"आजी... खाऊ..."

मुंगीने डावा हात पुढे पसरला. सासूबाईंनी तो छातीशी धरला आणि जीव एकवटून म्हणाल्या, "नाही गं, बाळा. नाही."

मुंगीच्या डोळ्यांतली आशा त्यांच्या देखत विझली. पोरीने हात सोडवून घेतला आणि दोघींकडे पाठ फिरवून ती भिंतीकडे तोंड करून मुसमुसू लागली.

सासूबाई सुनेच्या खांद्यावर कोसळल्या.

"कसं गं... कसं म्हणत होतीस तू हे रोज?"