सहावं रीळ आधी

करयो सिनेमागृहातून बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं. दारात प्रेक्षकांची मतं गोळा करणाऱ्या मेदिंगला वाटलं, हा माणूस आत पोटभर रडून आला. तिने लगेच मताची चिठ्ठी पुढे केली.

"चित्रपट कसा वाटला?"

"जड," तो म्हणाला. "त्यातून चौथं रीळ फारच."

ते रडणं नव्हतं, घाम होता. आमच्या गावात सिनेमागृहं दोन आणि तागालोग, म्हणजे आमच्या भाषेतल्या, चित्रपटाची प्रत एकच यायची. नव्या सिनेमागृहातला खेळ तासभर आधी सुरू व्हायचा. तिथली रिळं संपतील तशी करयो ती पत्र्याच्या डब्यांत घालून सायकलवरून आमच्या जुन्या सिनेमागृहात आणायचा. वाटेत बाजार, चर्च आणि एक जीवघेणा चढ. एकदा तो इतका वेगात आला की त्याची सावली चर्चपाशीच राहिली. खेळ संपल्यावर जाऊन घेऊन आला. मी दारात तिकिटं फाडायचो, मी पाहिलंय.

तो घाम आहे हे कळल्यावर मेदिंग हसली... आणि स्वतःच दचकली. आठ महिने मनिलाच्या कंपनीने तिला गावोगाव फिरवलं होतं. बस, ऊन, दारात उभं राहणं, बाहेर पडणाऱ्यांची मतं लिहून घेणं. मतं चांगली आली तर चित्रपट आणखी आठवडाभर राहणार. नाहीतर मंगळवारी उतरणार आणि तिची पिशवी पुढच्या गावाला. कुठेतरी थांबावं असं तिला फार वाटायचं, पण थांब म्हणणारं कुणी नव्हतं.

करयोने हा चित्रपट वाहिला होता, पाहिला कधीच नव्हता. मग ती त्याला गोष्ट सांगू लागली – एका फेरीला कलामन्सी लिंबाच्या सरबताचा एक पेला संपेल तेवढीच. परदेशात घरकाम करून तीन मुलं वाढवणारी आई. एकमेकांचं तोंड न बघणारी मुलं. पाचव्या रिळात आई घरी येते, सहाव्यात मरते, आणि मुलं थडग्यापाशी एकमेकांच्या गळ्यात पडतात.

"मग पाचव्यातच थांबवायचं की," करयो म्हणाला.

"कंपनी म्हणते, आई मेल्याशिवाय मुलांना अक्कल येत नाही."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

तिच्या हातातली पेन्सिल थांबली. हजारोंची मतं लिहिणाऱ्या त्या बाईला तिचं मत कुणी विचारलंच नव्हतं.

"मी... मी दमलेय," ती हळूच म्हणाली. "हे मत धरतात का?"

"मी धरतो."

गावाची मतं मात्र वाईट होती. कपडे धुणारी आलिंग बिरिंग म्हणाली, माझी लेक जेद्दाला घरकामाला आहे, घटकाभर पंख्याखाली बसावं म्हणून आले तर इथेही परत आलेलीला पुरतातच. शाळामास्तरांनी लिहिलं, अभिनय उत्तम, आजार फार लांब. एका रिक्षावाल्याने बायकोला आणणार नाही एवढंच लिहून सही केली.

सोमवारी दुपारी शेवटची दोन रिळं दोन हातांत घेऊन करयो दारात आला, तेव्हा मेदिंग म्हणाली, "उद्याच्या बसने जाते."

तो तसाच वर गेला, डबे दिले. यंत्र चालवणारा नेहमीप्रमाणे अर्धा झोपेत. हाती आलं ते त्याने लावलं. आधी सहावं लागलं. आई अचानक मेली, पुरली गेली, 'समाप्त' आलं. लोक चपला शोधत उठले, आणि पाचवं सुरू झालं. पडद्यावर दार उघडलं, बोचकं घेऊन आई आत आली आणि म्हणाली, जेवलात का रे?

उभे होते ते सगळे मटकन बसले. मग असं रडणं झालं की पुढच्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले. खोटं वाटत असेल तर वाटू दे. फरशी मी पुसली. त्या दिवशी चिठ्ठ्या संपल्या, लोकांनी तिकिटांच्या मागे मतं लिहिली. आलिंग बिरिंगने स्वतःच्या तळहातावर लिहून घेतलं आणि हात पुढे केला: परत आली, बास.

मालकाने फर्मावलं, रिळं आता अशीच लावायची. चित्रपट पाच आठवडे चालला.

"मुद्दाम केलंत?" मेदिंगने त्याला विचारलं होतं.

"तुम्ही 'उद्या' म्हणालात," करयो म्हणाला. "त्यानंतर कुठल्या हातात काय होतं... मला दिसलंच नाही."

पण परत आलेल्या आईलाही गाव कंटाळतं. सहाव्या आठवड्यात चित्रपट उतरला. शेवटच्या खेळाच्या दिवशी मेदिंग पिशवी घेऊन बाजारात बसपाशी उभी होती. शेवटचं रीळ, म्हणजे आता पाचवं, घेऊन करयो तिथे पोचला आणि थांबला. पुढचं बोलणं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. मला आवडलं ते मी ठेवलंय.

"चारची बस," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मला रीळ पोचवायचंय."

"मग जा."

दोघंही हलले नाहीत. कंडक्टरने बसवर थाप मारली.

"राहा," करयो म्हणाला. "इथे काही नाही. ऊन आहे, चढ आहे... आणि मी आहे."

मेदिंगने चिठ्ठ्यांचा गठ्ठा कंडक्टरच्या हातात दिला, कंपनीत पोचवायला सांगितलं. मग सायकलच्या मागे बसली, डबा मांडीवर घेतला.

"सावकाश चालव," ती म्हणाली. "धावणं खूप झालं."

इकडे चारशे माणसं अंधारात आई परत यायची वाट बघत होती. शिट्ट्या, पाय आपटणं, मालकाच्या नावाने शिव्या. मी दाराबाहेर डोकावलो. चढावर करयो सायकल हाताने ढकलत होता आणि तिच्याशी काहीतरी बोलत होता. मी दार ओढून घेतलं आणि आत सांगितलं, "येतेय. चढ आहे, जरा दम धरा."