पाखराचं अंतर

"ही वधू-वर मंडळाची वेबसाइट तुम्ही बनवलीय?"

मी मान वर केली. दारात एक तरुण उभा होता. रेनकोटवरून पाणी निथळत होतं, काखेत हेल्मेट होतं, आणि चेहरा असा की मी त्याचं काहीतरी चोरलंय आणि तो आता ते परत घेतल्याशिवाय हलणार नाही.

लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या दुकानाच्या माडीवर आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची खोली आहे. दर रविवारी सकाळी मी तिथे बसते. एरवी मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. वेबसाइट हे माझं हौसेचं काम, आणि मंडळाचे अध्यक्ष सीताराम आबा त्याला समाजकार्य म्हणतात, म्हणजे मानधनाचा विषय निघायला नको. खालून सतत गुळाच्या पाकाचा वास येत असतो. त्या वासात कुणाचाही राग फार वेळ टिकत नाही असा माझा अनुभव होता. ह्याचा टिकला.

"हो, मीच. यशोधरा. जयभीम. बसा ना."

"जयभीम. बसत नाही, खुर्ची भिजेल. मी प्रज्ञेश. पवना धरणाच्या पलीकडून आलोय. तुमच्या साइटवर लिहिलंय, आमच्या गावापासून मळवली नऊ किलोमीटर."

मी कॉम्प्युटरवर पाहिलं. "बरोबर. नऊच आहे."

"एकतीस आहे."

मग त्याने सगळी हकीकत सांगितली. मागच्या रविवारी तो आईवडिलांना घेऊन मळवलीला मुलगी बघायला निघाला होता. त्याला नऊ हा आकडा पटला नव्हता. पण वडील म्हणाले, पूर्वी माणसं खिंडीतून चालत मळवलीला जायचीच, आता तिथून नवा रस्ता झाला असेल, मंडळ कशाला खोटं लिहील? मंडळाच्या शब्दावर विश्वास ठेवून मंडळी आरामात निघाली. तो नवा रस्ता शोधण्यात तास गेला, तो नाहीच हे कळल्यावर डोंगराला वळसा घालून लोणावळ्यात उतरले, आणि रविवारच्या पर्यटकांच्या गर्दीत अडकले. पोचले तेव्हा पोहे गार झाले होते आणि मुलीचा मामा निघून गेला होता.

"मामा निरोप ठेवून गेले होते," प्रज्ञेश म्हणाला. "ज्यांना मुलगी बघायला वेळेवर येता येत नाही, ते तिला नांदवणार काय."

मला हसू आलं. ते मी दाबलं, पण त्याने पाहिलं.

खरं तर मी तिथेच माफी मागायला हवी होती. पण माझ्या गणिताला कुणी चूक म्हटलं की माझं डोकं फिरतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणाले, "हे बघा, अंतर बरोबर आहे. तुमचा रस्ता वाकडा आहे."

तो एक पाऊल आत आला. मग रेनकोट काढून दाराला अडकवला आणि खुर्चीत बसला. "समजावा," म्हणाला.

कॉलेजात दाखवायला आणलेला पृथ्वीगोल टेबलावरच होता. मी खालून चिक्कीचे खोके बांधायचा दोरा मागवला. एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं त्याच्या हातात दिलं. "हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ठेवा. आता ताणा."

"नकाशात तर सरळ आडवं जायला पाहिजे," तो म्हणाला. "चीन, मग समुद्र."

"ताणा तर खरं."

त्याने दोरा ताणला तसा तो आडवा राहीना. सरकत सरकत वर चढला, रशियावरून थेट उत्तर ध्रुवाच्या कडेने पलीकडे उतरला. प्रज्ञेशने गोलावर वाकून पाहिलं. त्याच्या केसांतलं पाणी प्रशांत महासागरात पडलं.

"गोलावरची सगळ्यात जवळची वाट अशी असते," मी सांगितलं. "दोन गावांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, सूत्रात घालायचे, ताणलेल्या दोऱ्याची लांबी मिळते. विमानं साधारण अशीच जातात. साइटवर मी तेच सूत्र घातलंय."

"पण तुमच्या दोऱ्याला लोहगडचा डोंगर कुठं दिसतो? धरणाचं पाणी कुठं दिसतं?"

"...नाही दिसत."

"मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? विमानानं मुलगी बघायला यायचं?"

गणितात मी बरोबर होते आणि तरीही एका माणसाचं लग्न मोडलं होतं. मी हळू आवाजात म्हणाले, "सॉरी. दुरुस्त करते."

तो उठला नाही. गोल फिरवून त्याने पुणं शोधलं, त्यावर बोट ठेवलं. "ह्याच्यावर माझं गाव कुठं आणि तुमचं कुठं?"

"मी मळवलीचीच. इथे दोन्ही तुमच्या एका बोटाखाली आहेत."

"मग उगाच भांडलो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. ते हसू मला फार आवडलं. उगाच आढेवेढे कशाला, त्याच क्षणी आवडलं.

दुरुस्ती वाटली तेवढी सोपी नव्हती. धरणाभोवतीच्या वाड्या-वस्त्यांचे रस्ते फोनवरच्या नकाशातही धड नव्हते. काही ठिकाणी दाखवलेला रस्ता पाण्यात उतरत होता. प्रज्ञेश म्हणाला, मी मोजून देतो. त्याचं गुलाबाचं पॉलिहाऊस होतं, फुलं द्यायला तो सगळीकडे फिरायचाच. मोटारसायकलच्या काट्यावरून एकेका गावाचं अंतर तो मला आवाजी मेसेजवर पाठवायला लागला. मागे वाऱ्याचा आवाज, मधेच एखादी म्हैस. सुरुवातीला नुसतं अंतर असायचं. मग अंतरानंतर थोडं थांबून... "इथून धुक्यात अर्धंच धरण दिसतंय. तुम्ही असता तर उरलेलं अर्धं सूत्राने काढलं असतं."

रविवारी लोणावळ्याच्या हॉटेलांना फुलं दिली की तो माडीवर यायचा. येताना दोन-चार गुलाब आणायचा आणि टेबलावर ठेवताना न चुकता सांगायचा, "दांडी वाकडी आहे. एक्स्पोर्टमध्ये बसत नाही."

"म्हणजे मला टाकाऊ माल?"

"विमानात जाणारी फुलं सरळ लागतात. तुम्हाला सरळ गोष्टींचं काय कौतुक, तुम्ही रोज त्याच करता."

सीताराम आबा चष्म्यावरून बघायचे आणि पेपरात डोकं घालायचे. आम्ही एकमेकांना अजून 'तुम्ही' म्हणत होतो, आणि त्या 'तुम्ही'त काय चाललंय ते आबांच्या पेपरालाही कळलं असावं.

श्रावण संपता संपता रस्त्यांची खरी अंतरं भरून झाली. जुनं सूत्र मी काढून टाकलं. माझी मलाच शाबासकी दिली. आणि त्याच संध्याकाळी घरी माझी आई भामाबाई माझा फोन हातात घेऊन म्हणाली, "यशे, तो फुलवाला कुटं गेला गं?"

आईला साइटवर एकच गोष्ट जमायची. 'दहा किलोमीटरच्या आत' हे बटण दाबून मुलं बघायची. ते बटण तिच्याच हट्टापायी मी बनवलं होतं. नऊ किलोमीटरवरचा प्रज्ञेश तिला त्यात कधीपासून दिसत होता. चांगला वाटतो, शेतीतला आहे, असं एक-दोनदा बोललीही होती. आता तो एकतीसवर गेला होता. मीच पाठवला होता, स्वतःच्या हाताने.

आईच्या हट्टाला कारण होतं. माझ्या थोरल्या बहिणीला मराठवाड्यात दिली. "सकाळी निघालं की दुपारच्याला माहेरी," असं सोयरीक आणणारा म्हणाला होता. प्रत्यक्षात पोचायला रात्र व्हायची. बाबा अचानक गेले तेव्हा ताई निघाली तशी निघाली, पण तिला बाबांचं तोंड दिसलं नाही. ती दारात आली तेव्हा आम्ही सगळे स्मशानातून परतलो होतो. तेव्हापासून आई म्हणते, धाकटीला दहाच्या बाहेर देनार न्हाई. मी तिला तसा शब्द दिला होता. तेव्हा तो द्यायला सोपा होता, कारण दहाच्या बाहेर माझं कुणी नव्हतं.

पुढच्या रविवारी मी प्रज्ञेशला सगळं सांगितलं. माडीवर नाही, खाली दुकानाच्या वळचणीला, रिमझिम पावसात. रडायचं नाही असं ठरवलं होतं... नाक मात्र लाल झालंच.

"तुम्ही मला आवडता," मी म्हणाले. "खूप. आणि आईला दुखवून मी कुठेही सुखी राहणार नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून एक करा. पुढच्या रविवारी घरी या. आई अंतर विचारेल. नऊ म्हणा."

त्याने काखेतलं हेल्मेट हातात घेतलं. मग म्हणाला, "मला तुमच्याआधी सांगायचं होतं. मी महिनाभर वाक्यं जुळवतोय."

"ते नंतर सांगा. नऊ म्हणाल ना? खोटं नाहीये ते. गणिताने नऊच आहे."

"येतो मी रविवारी," एवढंच तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. साइट माझ्याच हातात होती. त्याच्या गावापुढचा एक आकडा बदलला की काम झालं असतं. एका दुपारी तो आकडा खोडलाही. मग मळवलीत कुणाच्या तरी ओट्यावर गार होणारे पोहे डोळ्यांपुढे आले, आणि एकतीस परत लिहिला.

रविवारी तो आला. एकटाच, हातात गुलाबांचा मोठा गुच्छ, सगळ्या दांड्या सरळ. आईला वाकून जयभीम केला. आईने पाणी दिलं, पोहे दिले, पॉलिहाऊसबद्दल विचारलं, घरात कोण कोण ते विचारलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते.

"आन हितनं किती लांब पडतं तुमचं गाव?" आईने विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि मला कळलं.

"एकतीस किलोमीटर, मावशी," प्रज्ञेश म्हणाला. "गाडीवर तास लागतो. पावसाळ्यात घाटात दरड आली की कामशेतवरनं यावं लागतं, मग दीड, कधी दोन."

बाहेर कुणाच्या तरी गोठ्यात म्हैस ओरडली. मला त्याचा इतका राग आला, आणि त्याच वेळी तो इतका आपला वाटला, की मी चौकट घट्ट धरली.

"मंग पयल्यांदा तितं नऊ लिवलं हुतं ते काय?"

"ते पाखराचं अंतर, मावशी. उडत आलं तर नऊ. मी मोटारसायकलवर येतो."

आईने त्याच्या हातातली रिकामी बशी घेतली. ती तशीच हातात धरून बसली. "माझ्या थोरलीच्या येळंला," ती म्हणाली, "धा मानसं हितं बसून गेली. सासरची, मधली, सगळी. एकानंबी खरं सांगितलं न्हाई. आदी सांगितलं असतं, लांब हाय, तर आमी तसं मन केलं असतं. ज्याला त्याला लेक न्यायची घाई. तिनं येताना सारा रस्ता रडून काढला, आन आमी हितं वाट बगून बगून..." तिने पदराने डोळे पुसले. "लांब असल्याचं न्हाई रं वाटत एवडं. फसवल्याचं वाटतं."

मी आईचा शब्द इतकी वर्षं किलोमीटरमध्ये मोजत होते. गणिताची बाई मी, आणि घरातल्या घरात माझंच उत्तर चुकलं होतं.

आई उठली. स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाली, "यशे, तांदळाची भाकरी टाक. जेवून जाऊ दे त्याला. एकतीस म्हंजी उपाशी धाडायचं अंतर न्हाई."

प्रज्ञेश हात धुवायला मागच्या दारी नळावर आला. मी टॉवेल घेऊन उभी होते. टॉवेल दिला नाही.

"नऊ म्हणायला काय झालं होतं? आई नाही म्हणाली असती तर?"

"तर एकतीसवरनं पुन्हा आलो असतो. पुन्हा, पुन्हा. विचारायला." ओले हात तसेच धरून तो म्हणाला. "नऊ म्हणालो असतो, तर जन्मभर मला नऊ किलोमीटरच्या वेळेत यायला लागलं असतं. आणि ज्या दिवशी तुमच्या आईला गरज असेल, त्या दिवशी मी खोटा पडलो असतो."

आतून भाकरीचा तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज आला. आईने माझी वाट न बघता सुरुवात केली होती.

"ती महिनाभर जुळवलेली वाक्यं," मी म्हणाले. "आता सांग."

"आता?" तो गडबडला. "आता एकही आठवत नाही."

"चालेल," मी म्हणाले, आणि टॉवेल त्याच्या हातात न देता त्याचे हात मीच पुसले.