दोन्ही हात भिंतीला

लाकडाचा भुसा लोकरीत अडकला की धुवूनही जात नाही.

खडूला रक्त दिसलं की चक्कर येते. इंजेक्शनच्या चित्रानेसुद्धा.

माझी मावशी डोळे मिटून सुईत दोरा ओवते.

शेडच्या मागच्या खिडकीची एक काच फुटली. आतून.

डावा पंजा. फक्त डावा.

हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे, आणि गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर राहू द्या. मी शपथ घेणार नाही, विनवणीही करणार नाही. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर इथेच थांबावं.

हे दुपार सरता सरता घडलं. डिसेंबरमध्ये, शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दिवे लावायच्या जरा आधी.

*

आमच्या शाळेत हिवाळ्यात दोन आठवडे पुस्तकं बंद असायची. नववी-दहावीच्या प्रत्येकाने हाताने करायचं एक काम निवडायचं. स्वयंपाक, सायकलदुरुस्ती, शिवणकाम, फोटोग्राफी, सुतारकाम.

मी सुतारकाम निवडलं.

शिवणकाम शिकवायची माझी सख्खी मावशी. म्हणजे घरात काय झालं असेल ते समजून घ्या.

"माझी भाची माझा वर्ग सोडून लाकडं कापणार? लोक काय म्हणतील? मावशीला शिवता येत नाही?"

"लोक तुझे कपडे बघतात गं मावशी. त्यांना माहीत आहे."

आई हसली. मावशी हसली नाही.

आईने सही केली, पण अट घालून. "हातावर एक ओरखडा जरी दिसला, तर दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या वर्गात. मग तोंड वाकडं करायचं नाही."

मला एक स्टूल करायचं होतं. न डुगडुगणारं. आमच्या घरातली प्रत्येक खुर्ची कुणाची ना कुणाची होती. मी रिकामी दिसेल तिथे बसायचे, आणि मालक आला की उठायचे.

बस. एवढंच हवं होतं मला.

*

शिकवायला बाहेरून एक सुतार यायचे. आयुष्यभर दारं-खिडक्या केलेला माणूस. बोलणं एकदम गुळगुळीत, म्हणून आम्ही त्यांना रंधा सर म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं.

वर्गात आम्ही चौघंच. सगळ्यात पुढे जुळे भाऊ, एक वाक्य दोघांत वाटून बोलणारे. मग खडू, पांढराफटक आणि काडीसारखा, म्हणून ते नाव. मग मी, गोल करवतीपाशी. टेबलाच्या फटीतून पातं वर आलेलं असतं, ती करवत.

माझ्या मागे एक बाक रिकामा. त्याच्या मागे खिडकी.

सगळी यंत्रं भिंतीवरच्या एका मेन स्विचवर चालायची. सरांचा नियम होता. स्विच वर करण्याआधी ते ओरडायचे, "हात?" मग पुढून मागे, एकेकाने दोन्ही हात वर करून म्हणायचं, "मोकळे." शेवटचा आवाज आला की सर स्विच वर करायचे.

सरांचं तोंड स्विचकडे असायचं. पाठ आमच्याकडे.

ते हात बघत नव्हते. ऐकत होते.

*

पहिले एक-दोन दिवस.

"हात?"

"मोकळे."

"मोकळे."

"मोकळे."

"मोकळे," मी म्हणाले.

…"मोकळे."

हळू. कुणीतरी मफलरमधून बोलावं तसं. माझ्या मागून.

मी वळून पाहिलं. रिकामा बाक. खिडकी. खिडकीत संध्याकाळचा राखाडी उजेड.

"पत्रा आहे," सर म्हणाले. "आवाज घुमतो."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत खडू डबा उघडता उघडता म्हणाला, "मग फक्त तुझाच कसा घुमतो गं? आमचे काय फुकटचे आवाज आहेत?"

"तुझा आवाज पत्र्यापर्यंत पोचतच नाही."

तो हसला. पण डबा त्याने तसाच बंद केला.

*

मग काही दिवसांनी…

तो आवाज माझ्या मागून आला नाही. माझ्याबरोबर आला. मी तोंड उघडलं आणि दोन "मोकळे" एकदम बाहेर पडले.

जुळ्यांनी मान वळवली.

"तू आज—"

"—दोनदा म्हणालीस?"

"एकदाच."

"बरं," दोघं म्हणाले. माना पुन्हा पुढे वळल्या.

मी घरी सांगितलं नाही. कसं सांगणार? सांगितलं असतं की दुसऱ्या दिवशी सुई-दोरा. मावशी तर दारातच उभी असायची. रोज संध्याकाळी माझे हात उलटसुलट करून बघायची आणि निराश होऊन सोडायची.

म्हणून मी ठरवलं. घुमू दे. ओरडू दे. मी माझं स्टूल करणार.

*

आता तो दिवस.

बाहेर धुकं होतं. स्टुलाचे तीन पाय कापून झाले होते. चौथ्याच्या वेळी पात्याशेजारच्या फटीत लाकडाची एक कपची अडकली. मी हात वर केला, सरांनी मेन बंद केला, शेड शांत झाली. मी करवतीचं स्वतःचं बटणही बंद केलं.

हे मी आजही सांगते. बंद केलं होतं. बोटाखाली खट्ट झालेलं मला आठवतं.

मी वाकले. उजव्या हाताने कपची धरली. घट्ट बसली होती. बोटं पात्याला लागत होती. थंडगार पातं.

पुढे खडूचं काहीतरी आवरून झालं, त्याने "झालं सर" म्हटलं. सर स्विचकडे वळले.

"हात?"

"मोकळे."

"मोकळे."

"मोकळे."

मी म्हणणार होते, "थांबा सर." तोंड उघडलं होतं…

आणि माझ्या मागून, स्वच्छ, मोठ्याने…

"मोकळे."

तो माझा आवाज होता.

माझ्यासारखा नव्हे. माझाच. रेकॉर्डिंगमध्ये ऐकला की ओशाळायला होतं, तो.

मी गर्रकन मागे वळले. वळताना हात वर आला.

स्विच वर गेला.

पातं फिरलं. कपची उडाली, माझ्या कानाजवळून गेली आणि मागच्या खिडकीची काच फुटली.

खडू खाली बसला. रक्त नव्हतं, तरी बसला.

सरांनी मेन खाली केला. ते माझ्या करवतीपाशी आले. बटण पाहिलं.

चालू होतं.

*

"तू म्हणालीस ना? मी तुझा आवाज ऐकला."

"मी नाही म्हणाले सर."

"तूच म्हणालीस," खडू जमिनीवरूनच म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "म्हणजे… आवाज तुझाच होता. पण तुझं तोंड मला दिसत होतं."



सर एका ओंडक्यावर टेकले. पहिल्यांदाच त्यांचं बोलणं खरबरीत झालं. "उद्यापासून वर्ग बंद. मी मुख्याध्यापिकांना सांगतो."

"का?"

"का काय? तुझा हात गेला असता, पोरी."

"गेला नाही. हा बघा."

मी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले.

"दोन आहेत—" एक जुळा म्हणाला.

"—मोजले आम्ही," दुसरा म्हणाला.

सर हसले नाहीत. मग मला राग आला. भीती होती, नाही कशाला म्हणू. पण रागाने भीतीला कोपऱ्यात बसवलं. "सर, मी बटण बंद केलं होतं. मी खोटं बोलले नाही. खोटं दुसरंच कुणीतरी बोललं, आणि घरी मी जायचं? माझं स्टूल तीन पायांवर आहे."

"मग काय करू मी? सांग."

"ऐकू नका. बघा."

*

नवा नियम मी केला.

"हात?" विचारलं की सगळ्यांनी जागा सोडायची, बाजूच्या भिंतीपाशी जायचं आणि दोन्ही पंजे भिंतीला टेकायचे. बोलायचं काहीच नाही. सरांनी वळून पंजे बघायचे, मगच स्विच.

भिंत गडद हिरवी होती. भुशाने माखलेले आमचे पंजे तिच्यावर उमटायचे. पांढुरके, ओळीने.

दुसऱ्या दिवशी आम्ही असेच उभे राहिलो. शेडमध्ये चिडीचूप.

…"मोकळे."

माझाच आवाज. मागच्या बाकाकडून.

कुणी वळलं नाही. सरांनी आमचे पंजे पाहिले आणि स्विच वर केला. काम सुरू झालं.

पुन्हा हात भिंतीला. पुन्हा…

"मोकळे." या वेळी जरा घाईने.

"बोंबल," खडू भिंतीकडे तोंड करून पुटपुटला. घामाने त्याचे कान चमकत होते, पण पंजे हलले नाहीत. तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात शूर शब्द असेल.

त्या दिवसानंतर आवाज आला नाही.

मला वाटलं, संपलं.

*

स्टुलाचा शेवटचा जोड उरला होता. आम्ही भिंतीपाशी गेलो, पंजे टेकले. सर वळले. आणि वळलेले तसेच उभे राहिले.

"सरक जरा," ते मला म्हणाले. अगदी हळू.

मी सरकले.

माझ्या शेवटच्या ठशापलीकडे, जिथे आमच्यापैकी कुणीच उभं राहत नव्हतं, तिथे…

एक पंजा.

डावा.

त्याच्या शेजारी, जिथे उजवा असायला हवा, तिथे कोरी भिंत.

खडूने ठशाकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. मग आपल्या बुटांकडे.

मी माझा हात त्या ठशावर ठेवून पाहिला नाही. आजवर अनेकांनी विचारलंय. नाही पाहिला. पाहणारही नाही.

"चला बाहेर," सर म्हणाले. "सगळे."

"नाही," मी म्हणाले.

मी तिथेच उभी राहिले, पंजे भिंतीला, त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून. आवाज निघाला. माझा. माझ्याच तोंडातून.

"दुसरा हात दाखव."

शेडमध्ये काही हललं नाही.

"इथला नियम आहे. दोन्ही हात भिंतीला. आम्ही सगळे पाळतो. तुला काम करायचं असेल तर दाखव. आम्ही थांबतो."

आम्ही थांबलो. सरसुद्धा. फुटलेल्या काचेतून धुकं आत येत होतं. पत्र्यावर कुठेतरी कावळा चालत होता, मग तोही थांबला.

माझ्या उजव्या मनगटाभोवती गारवा आला. कुणी धरल्यासारखा नाही. कुणी बघत असल्यासारखा. निरखून, हेवा वाटावा तसा.

मी हात भिंतीवरून काढला नाही.

मग रंधा सर बोलले. इतका साधा आवाज, जणू उशिरा आलेल्या पोराला सांगताहेत. "ज्याचे दोन्ही हात दिसत नाहीत, त्याने बाहेर जायचं. दार उघडं आहे."

दार उघडं नव्हतं. थंडीमुळे आम्ही कडी लावली होती.

…कडी सरकली.

दार उघडलं. कुणाला तरी बाहेर पडायला लागावा तेवढा वेळ उघडं राहिलं.

मग हळूच बंद झालं. रागाने आपटून नाही. मला आजही त्याचंच जास्त वाईट वाटतं.

सरांनी आमचे पंजे पाहिले आणि स्विच वर केला.

*

स्टूल माझ्या कारखान्यात आहे. आता मी दारं-खिडक्या करते, आणि हिवाळ्यात शाळेतली मुलं माझ्याकडे दोन आठवडे शिकायला येतात. माझ्याकडे कुणी "मोकळे" म्हणत नाही. पंजे भिंतीला, तोंड बंद. पालक विचारतात, हे काय विचित्र? मी म्हणते, इथे असंच असतं.

मावशीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आवाज सर्दीने बदलतो." मग माझा उजवा हात तिने बराच वेळ आपल्या हातात धरून ठेवला.

संध्याकाळी मुलं गेली की भिंत मी एकटीच पुसते. ओल्या फडक्याने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. भराभर. काय पुसतेय ते न बघता. भीती वाटते? वाटते. म्हणून कारखाना बंद करू? नाही करणार. त्या डाव्या पंजावालीला हवं तर तिने यावं. नियम तोच आहे.

शेडमधल्या त्या वर्गाच्या पहिल्या दिवशी ती गोल करवत आम्ही चौघांनीच खोक्यातून बाहेर काढली होती. पात्यावरचं तेलकट कागदाचं वेष्टन मी फाडलं. तोपर्यंत तिच्यावर कुणीही काम केलेलं नव्हतं. त्या पात्यात जाऊ शकला असता असा उजवा हात एकच होता, माझा.