ऑब्रीची वाक्यं

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्स गावी, चढावरच्या विनीबाईंच्या घरी रविवारी दुपारी मंडळ भरायचं. मंडळ कसलं, मुलांची जुनी साप्ताहिकं जमवणारी म्हातारी पोरं! एका पेनीत मिळणारे, शाळेतल्या उचापतींच्या गोष्टींचे ते पिवळे पडलेले अंक त्यांना जीव की प्राण. एकेकाळी खोलीत खुर्च्या पुरत नसत. आता उरली चौघं: विनीबाई, डेस्मंड, नेव्हिल आणि ऑब्री. त्यातला ऑब्री इस्पितळात.

नेव्हिल त्याचा धाकटा भाऊ. इस्पितळातून त्याचा पाय निघत नव्हता, पण ऑब्रीनंच त्याला पिटाळलं. "ऑपरेशन झालंय, मेलो नाहीये! उद्या घरी सोडतील. जा, आणि माझा हेडमास्तर नीट वाच. रडका आवाज काढू नकोस."

मंडळाची रीत अशी, की गोष्ट मोठ्यानं वाचायची आणि ज्याचं त्याचं पात्र ठरलेलं. कुणी आला नाही, तर त्याची वाक्यं दुसऱ्यानं वाचायची. पण जो देवाघरी गेला, त्याची वाक्यं कुणीच वाचायची नाहीत. तेवढा वेळ मान खाली घालून गप्प बसायचं. हल्ली वाचण्यापेक्षा गप्प बसणंच जास्त व्हायचं.

बाहेर धुकं काचेला टेकलं होतं. गॅसची शेगडी सूं सूं करत होती, जुन्या कागदाचा कुबट वास सुटला होता. डेस्मंड वाचता वाचता हेडमास्तर वर्गात येतो तिथं आला आणि थांबला. नेव्हिलचं लक्ष कुठं? तो भावाच्या काळजीत. आणि डेस्मंडनं, विनीबाईंनी, सवयीनं माना खाली घातल्या.

"अहो, काय करताय!" नेव्हिल दचकून ओरडला. "जिवंत आहे तो!"

"अगं बाई... चुकलंच रे," विनीबाई पुटपुटल्या.

तेवढ्यात ऑब्रीच्या रिकाम्या खुर्चीतून आवाज आला. खरखरीत, घशात कफ अडकलेला. "उभा राहा, गाढवा."

हेडमास्तरचंच वाक्य. आवाज ऑब्रीचा. खोलीत इस्पितळातल्या औषधाचा उग्र वास भरला.

नेव्हिलनं इस्पितळात फोन लावला. नर्स म्हणाली, "ठीक आहेत तुमचे भाऊ. ताप नाही, काही नाही. फक्त... आत्ताच त्यांचा आवाज बंद झालाय. ओठ हलतायत. काहीतरी वाचत असावेत तसे."

"अंक मिटू का?" डेस्मंड कुजबुजला.

"मिटू नकोस!" नेव्हिल भीतीनं गारठला होता. "प्रकरण संपू दे. मग त्याचा आवाज... जाईल परत. जायलाच हवा."

पुढचं वाक्य नेव्हिलचं होतं. हेडमास्तरला घाबरून उत्तर देणारा पोरगा. त्यानं अंक डोळ्यांसमोर धरला. अक्षरं नाचायला लागली. एक क्षण गेला, दुसरा गेला. समोर डेस्मंड आणि विनीबाई भेदरून, श्वास रोखून बसलेले. कुणीच बोलेना.

आपल्याही वाक्याला आपण सगळेच गप्प आहोत, हे नेव्हिलच्या ध्यानात आलं, तेव्हा फार उशीर झाला होता. त्यानं घाईघाईनं तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज काही फुटेना.

ऑब्रीच्या खुर्चीशेजारच्या दुसऱ्या रिकाम्या खुर्चीतून मात्र नेव्हिलचाच कापरा आवाज आला, "आलो, सर..."