सोडून दिलेले डाव

नॉर्वेत, ट्रॉन्हाइमला मी पुलांच्या तपासणीचं काम करतो. दुपारी डबा खाताना फोनवर अनोळखी माणसांशी बुद्धिबळ खेळतो, आणि बहुतेक डाव अर्ध्यातच सोडतो. घोडा गेला की माझं लक्षच उडतं. तासभर कुढत हरण्यापेक्षा बटण दाबून मोकळं झालेलं बरं.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा टोर्गेर बुद्धिबळ क्लबातला जुना खेळाडू. त्याला हे बघवायचं नाही.

“सोडलास? परत? अरे, समोरच्याला जिंकून तरी दाखवू दे!”

“काही उरलं नव्हतं रे त्यात.”

“दाखव बरं.”

म्हणून मी आदल्या आठवड्यातला एक डाव उघडला. घोडा गमावल्यावर सोडलेला. पण तो तिथे थांबलेलाच नव्हता. पुढे कितीतरी चाली होत्या. माझ्या बाजूचा हत्ती मागे आला होता, एक प्यादं इंचाइंचाने सरकलं होतं. शेवटी बरोबरी.

“मग चांगला लढलायस की,” टोर्गेर म्हणाला.

“हे मी खेळलो नाही.”

तो हसला.

मी बाकीचे डाव पाहिले. सोडलेला प्रत्येक डाव पुढे गेला होता. काही मी जिंकलो होतो. मी अ‍ॅपवाल्यांकडे तक्रार केली. उत्तर आलं, चाली तुमच्याच फोनवरून झाल्या आहेत. पासवर्ड बदलला, फरक पडला नाही. शेवटी टोर्गेरसमोर एक डाव सोडला, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि वर हात दाबून बसलो. कॉफी संपल्यावर उचलला.

माझा उंट हलला होता.

टोर्गेरने हातातला पावाचा तुकडा पुन्हा डब्यात ठेवला. त्यानंतर त्याने माझ्या खेळाचा विषय काढला नाही.

भीतीपेक्षा मला संताप जास्त आला. तो जो कोणी होता, तो माझ्याहून हुशार नव्हता. चुका माझ्याच करायचा, उंटांवर माझ्यासारखाच जीव टाकायचा. फक्त उठून जायचा नाही.

शनिवारी सकाळी रान्हिल्डचा फोन आला. आमचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झालीत. तिने कागद पुढे केले तेव्हा मी वाद घातला नव्हता, लगेच सही केली होती.

“पन्हळ छान बसलीय,” ती म्हणाली. “रात्रभर बर्फ वितळत होतं, पण थेंब गळला नाही.”

“कसली पन्हळ?”

“घ्या! काल शिडीवर कोण चढलं होतं मग?” ती हसली. तिचं हे हसणं मी विसरलो होतो. “खरं सांगू, हालवार? हल्ली तू भांडण झालं तरी थांबतोस. बरं वाटतं.”

काल दिवसभर मी इथून लांब, र्‍योरोसजवळ एका पुलाखाली होतो.

मी फोन ठेवला आणि तिच्याकडे जायला मिळेल ती बस पकडली. रस्त्याकडेला काळपट बर्फाचा चिखल झाला होता. आमच्या, आता तिच्या, पिवळ्या घराला नवी कोरी पन्हळ होती, आणि सांधे मी जसे बांधतो तसेच, तारेचे दोन वेढे घालून बांधलेले होते. आतून वॅफलचा वास येत होता.

मी बेल दाबली.

रान्हिल्डने दार उघडलं. हाताला पीठ लागलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसं हसली.

“कोण हवंय आपल्याला?”

मी वर पन्हळीकडे बोट दाखवलं.

“हालवार,” तिने आत वळून हाक मारली, “जरा बघ ना, कुणीतरी आलंय.”

आत खुर्ची सरकली.

“आलो, आलो.”

आवाज माझाच होता.

मी वळलो. पायऱ्या उतरलो. मागे पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. मी फाटकाच्या कडीला हात घातला.

“अहो,” तो मागून म्हणाला, अगदी आपुलकीने, “एवढ्यात निघालात?”